कोलाट्झचा प्रॉब्लेम बायनरीत मांडून बघा

नियम बहुतेकांना माहितीये तरी सांगतो, आकडा सम असला तर निम्मा करा, विषम असला तर तिप्पट करून एक मिळवा, असं करत गेलं की शेवटी १ येतोच का? गणितज्ञ लोथार कोलाट्झचा हा प्रश्न १९३७ चा आणि अजून सुटलेला नाही.

नेहमीचे आकडे बाजूला ठेवा, चौकटीची वही घ्या आणि आकडा बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा (उजवीकडून घरांच्या किमती १, २, ४, ८ अशा), एका चौकटीत एकच बिट, म्हणजे एकच ० किंवा १. सम आकड्याच्या शेवटी शून्य असतं, ते खोडलं की निम्मा झाला. विषम असेल तर तोच आकडा खाली परत लिहा, पण एक घर डावीकडे सरकवून, उजवीकडच्या रिकाम्या घरात १ टाका आणि बेरीज करा. ७ म्हणजे १११, त्याखाली ११११, बेरीज १०११०, शून्य खोडा, १०११ उरलं म्हणजे ११. तिप्पट वेगळी करावीच लागत नाही!

आता शेपटाकडे, म्हणजे उजवीकडच्या शेवटच्या बिटांकडे बघा, खरी गंमत तिथेच आहे. ७, ११, १७ म्हणजे १११, १०११, १०००१, शेवटच्या एकांची रांग तीन, दोन, एक अशी दर फेरीला (एका विषम आकड्यापासून पुढच्या विषम आकड्यापर्यंत एक फेरी) एकाने घटते, आणि रांगेत एकाहून जास्त एक असेपर्यंत एकच शून्य खोडायला मिळतं म्हणून आकडा साधारण दीडपट होत जातो. शेपूट ०१ झालं की मात्र कमीत कमी दोन शून्यं जातात आणि आकडा उतरतो.

मग २७ घ्या, ११०११, दिसायला साधा, पण ४१ वरून तो ३१ वर येतो म्हणजे १११११, सरळ पाच एक, आणि तिथून चार फेऱ्या नुसती चढण, थेट १६१. पुढे ९२३२ पर्यंत जाऊन, २७ पासून मोजलं तर एकूण एकशे अकरा पायऱ्यांनी (प्रत्येक निम्मा आणि प्रत्येक तिप्पट-अधिक-एक वेगळी पायरी धरून) १ येतो.

समासात दर फेरीला दोन नोंदी ठेवाच, शेवटी किती एक होते आणि किती शून्यं खोडली. फेरीत लांबी सरासरी १.५८ बिट वाढते आणि खोडली जातात सरासरी दोन, म्हणून आकडा उतरायला हवा असं वाटतं, पण हातचा उजवीकडून डावीकडे पळताना सगळं ढवळतो आणि पुढचं शेपूट काय येईल याची हमी कुणालाच देता आलेली नाही. २०१९ मध्ये गणितज्ञ टेरेन्स टाओंनी जवळजवळ सगळे आकडे खूप खाली येतात हे दाखवलं, ‘सगळे’ अजून बाकी आहे.