अमेरिकेतून ट्रॅम्पिंगचं (म्हणजे डोंगरभटकंतीचं) सामान मागवताना : न्यूझीलंडला नव्याने आलेल्यांसाठी

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास क्राइस्टचर्चला आपली चार-सहा नवी कुटुंबं येतात. मे उजाडायच्या आत त्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच, "दादा, इथे जॅकेटं फार महाग आहेत हो, अमेरिकेतून मागवू का?" मागवा. मी अकरा वर्षं मागवतोय. फक्त आधी हे वाचा, कारण मी ज्या खड्ड्यात पडलो त्याच खड्ड्यात दर हिवाळ्यात कुणीतरी पडताना पाहवत नाही.

स्वस्त का पडतं, ते आधी. ऋतू उलटे आहेत. अमेरिकेतला हिवाळा सरत आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथली दुकानं डाऊन (पिसं भरलेली) जॅकेटं, लोकरीचे थर, हातमोजे मोठ्या सवलतीत काढून टाकतात, आणि आपली थंडी जूनमध्ये सुरू होते. तंबू नि सॅक तिथे सप्टेंबरात स्वस्त होतात, आपला डोंगरातला हंगाम त्यानंतर उघडतो. हे दोन हंगाम सोडून एरवी मागवलंत तर फारसं काही वाचत नाही. इथल्या मॅकपॅक, काठमांडू, बिव्हॅक या दुकानांच्या सेलवर लक्ष ठेवलंत तरी चालतं.

बरेच ब्रँड अमेरिकेतल्या दुकानांना माल देशाबाहेर पाठवू देत नाहीत. म्हणून फॉरवर्डर लागतो. तो तुम्हाला तिथल्या गोदामाचा पत्ता देतो, त्यावर पार्सल येतं, आणि तो ते पुढे तुमच्याकडे रवाना करतो. न्यूझीलंड पोस्टची यूशॉप सेवा हेच करते, खाजगीही पुष्कळ आहेत. ऑरेगन किंवा डेलावेअरचा पत्ता देणारा घ्या, त्या राज्यांत विक्रीकर नाही. पत्त्यात तुमचा खातेक्रमांक टाकायला विसरू नका, नाहीतर खोकं गोदामात बेवारस पडून राहतं.

आता मुख्य गोष्ट. ही दोनदा वाचा.

एका पार्सलमधल्या मालाची किंमत 1000 न्यूझीलंड डॉलर किंवा त्याहून कमी असेल, तर तुम्हाला ड्युटी लागत नाही, 15 टक्के जीएसटी लागतो. 1 डिसेंबर 2019 पासून तो मोठे विक्रेते किंवा फॉरवर्डरच बिलात घेतात. हजाराच्या वर गेलात की पार्सल कस्टम्सकडे थांबतं. मग कपड्यांवर आणि बुटांवर बहुधा 10 टक्के ड्युटी, माल, ड्युटी आणि वाहतूक या सगळ्यावर मिळून जीएसटी, आणि वर नोंदणीचं शुल्क. हे हजार न्यूझीलंडचे, अमेरिकेचे नव्हेत. दुकानाच्या पानावर 650 दिसले की माणूस निवांत असतो, आणि इथे ते हजाराच्या पुढे गेलेले असतात.

हा नियम आल्यानंतरच्या एका हिवाळ्यात आम्ही चार घरांनी मिळून मागवलं. प्रत्येकाचं साडेतीनशे-पावणेचारशेचं सामान. फॉरवर्डर म्हणाला, सगळी पार्सलं एका खोक्यात भरली तर वाहतूक स्वस्त पडेल. मला ते शहाणपणाचं वाटलं. खोकं माझ्या नावावर आलं, एकूण 1460 डॉलरचं. वेगवेगळं आलं असतं तर एकालाही ड्युटी पडली नसती. जीएसटी तसाही भरावाच लागला असता, पण 146 डॉलर ड्युटी आणि शुल्क हकनाक गेलं. एवढ्यावर भागलं नाही. चौघांतल्या एकाने कुणाचे तरी वापरलेले बूट स्वस्तात घेतले होते आणि ते मला सांगितलं नव्हतं. तळव्याच्या खाचांत वाळलेली माती होती. बाहेरची माती, किडी देशात येऊ नयेत म्हणून तपासणाऱ्या जैवसुरक्षावाल्यांनी सबंध खोकंच अडवून ठेवलं. सफाईचा खर्च माझ्या नावावर, आणि माझ्या मुलीचं जॅकेट त्याच खोक्यात. जूनचा पूर्ण महिना ती दोन स्वेटर एकावर एक घालून शाळेत गेली. पैसे कुणी किती द्यायचे यावरून एका घराशी बोलणं तुटलं, ते जुळायला दोन वर्षं लागली.

म्हणून सांगतो, ज्याने त्याने आपल्या खात्यावर, आपल्या नावाने मागवावं. आपल्या माणसांत एकमेकांसाठी धावून जायची वृत्ती आहे आणि ती मला फार प्रिय आहे, पण कस्टम्सच्या कागदावर एकच नाव असतं. ग्रुपवर कुणी "किंमत कमी लिहायला सांगा, भेटवस्तू म्हणून टाका" असा सल्ला दिला तर ऐकू नका. खोटी किंमत लिहिणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्यापैकी बहुतेकांचा व्हिसा अजून पक्का व्हायचाय. इथली माणसं खरं सांगणाऱ्याला सांभाळून घेतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरं, वजन. फॉरवर्डर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. माझी 900 ग्रॅमची स्लीपिंग बॅग 60 बाय 40 बाय 30 च्या खोक्यात आली, अर्धं खोकं हवेच्या पिशव्यांनी भरलेलं. हिशेबात ती 14.4 किलो झाली. लहान खोक्यात पुन्हा बांधून द्यायला सांगितलं, 35 बाय 25 बाय 20, तेव्हा साडेतीन किलोवर आली. ही सोय पैसे देऊन घ्यावी लागते, तरी घ्या.

गॅसचे डबे, इंधन, सुट्या पॉवर बँका विमानाने येत नाहीत. मांसाचं सुकं जेवण मागवू नका. अस्वलांसाठीचा फवारा तर मुळीच नको; इथे अस्वलं नाहीत, आणि मिरचीचा फवारा बाळगणं बेकायदा आहे.

बूट इथेच, दुकानात, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघून घ्या. भारतात आपल्याला यूकेचा आकार पाठ असतो, अमेरिकेचा पुरुषांचा आकार साधारण एकने मोठा लिहितात, आणि परतीचा खर्च सवलत गिळून टाकतो. इथल्या दुकानातून घेतलेली वस्तू बिघडली तर ग्राहक हमी कायदा पाठीशी असतो. परदेशातल्या दुकानाशी भांडायला तो प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही.

आणि पीएलबी, म्हणजे संकटात सॅटेलाइटला हाक देणारा बीकन. तोही बाहेरून नको. अमेरिकेतला बीकन अमेरिकेच्या कोडचा असतो, तो न्यूझीलंडसाठी पुन्हा कोड करून घ्यावा लागतो. इथलाच घ्या, नाहीतर चार दिवसांसाठी भाड्याने आणा, सहज मिळतो. विकत घेतलात तर बचाव समन्वय केंद्राकडे नोंदवा, नोंदणी फुकट आहे. तिथे संपर्क म्हणून साताऱ्याच्या आईवडिलांचा नंबर देऊ नका. रात्री दोनला फोन गेला तर ती दोघं काय करणार? तुम्ही कुठल्या वाटेने गेलात हे ज्याला ठाऊक आहे अशा इथल्या माणसाचा द्या. अजून कुणी ओळखीचं झालं नसेल तर मला विचारा, मी माझा देतो.