बाहेरचा कॉल लागत नाही? आधी शून्यं मोजा

ऑफिसात नवी आयपी फोन सिस्टिम बसते. आतले कॉल झकास चालतात, बाहेरून येणारेही वाजतात आणि बाहेर लावायला गेलं की घोळ सुरू होतो. अशा वेळी पहिला फोन जातो तो टेलिकॉम कंपनीला, आणि बहुतेकदा तिकडे काहीच बिघडलेलं नसतं. आपली माणसं कोणते आकडे दाबतात आणि लाइन देणाऱ्या कंपनीला ते कोणत्या रूपात हवेत, हा हिशेब कुणी कागदावर मांडलेलाच नसतो. आउटबाउंड रूट म्हणजे तेवढाच हिशेब: कोणता नंबर आला, त्याच्या सुरुवातीचं काय काढायचं, काय जोडायचं आणि तो कोणत्या ट्रंकवर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनवर, सोडायचा.

शून्यावर शून्य

पुण्यातल्या जुन्या ऑफिसांत, मग ते सदाशिव पेठेतलं सीएचं असो की भोसरीतलं वर्कशॉप, शून्य दाबून लाइन घ्यायची सवय पक्की असते. ती मोडायच्या फंदात पडू नका, सिस्टिमच त्या सवयीप्रमाणे लावा. अडचण पुढे आहे. एसटीडीला शून्य आधीपासून होतंच. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठलाही मोबाइल लावायचा तरी आधी शून्य लागतं. म्हणजे लाइनचं एक शून्य, नंबरचं एक शून्य, आणि दोन शून्यं म्हणजे आयएसडी.

लाइन घेण्याचं शून्य रूटमध्ये कापायचं राहिलं, तर नंबर कुठे जातो बघा. ९८ ने सुरू होणारा मोबाइल ००९८ होतो, तो इराणचा कोड. आपल्याच ०२० चा ००२० होतो, म्हणजे इजिप्त. चाकणचा ०२१३५ लावलात तर अल्जीरिया, साताऱ्याचा ०२१६२ लावलात तर ट्युनिशिया, कोल्हापूरचा ०२३१ गेला लायबेरियाला आणि नाशिकचा ०२५३ थेट जिबूतीला. आयएसडी बंद असल्यामुळे प्रत्यक्षात कुणी अल्जीरियाशी बोलत नाही. 'ही सुविधा उपलब्ध नाही' अशी टेप ऐकू येते, आणि ती ऐकून माणूस लाइनलाच दोष देतो.

भोसरीतल्या एका कारखान्यात तक्रार अशी होती: "साहेब, मोबाइल सगळे लागतात. फक्त चाकणचा प्लांट लागत नाही. लाइनच खराब आहे." लाइन ठणठणीत होती. फ्रीपीबीएक्स म्हणजे ॲस्टरिस्क या फोन-सॉफ्टवेअरवर चालणारी, स्क्रीनवर रकाने भरून लावायची सिस्टिम. तिच्यात रूटच्या डायल पॅटर्नला (कोणते नंबर त्या रूटने जातील याच्या नमुन्याला) चार रकाने असतात: प्रिपेंड, प्रिफिक्स, मॅच पॅटर्न आणि कॉलर आयडी. प्रिफिक्समध्ये लिहिलेलं कापलं जातं, मॅच पॅटर्नमध्ये लिहिलेलं तसंच पुढे जातं. मोबाइलच्या ओळीत लाइनचं शून्य प्रिफिक्समध्ये होतं. एसटीडीची ओळ मागाहून कुणीतरी घातली होती, तिच्यात दोन्ही शून्यं मॅच पॅटर्नमध्येच होती. एक शून्य एका रकान्यातून शेजारच्या रकान्यात नेलं आणि चाकण लागलं.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे रूटमध्येही शून्य जोडायचं आणि ट्रंकमध्येही जोडायचं. दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन वेगवेगळ्या दिवशी काम केलं की हे होतंच.

माझं मत विचाराल तर कामाची वाटणी करून टाका. रूटने फक्त आपल्या माणसांची सवय सांभाळावी: लाइनचं शून्य कापावं आणि नंबर एकाच ठरलेल्या रूपात आणावा, समजा ९१ आणि पुढे दहा आकडे. पुण्यातला आठ आकडी नंबर आला तर त्याच्या सुरुवातीला ९१२० लावावं. टेलिकॉम कंपनीला काय हवं ते ट्रंकने बघावं. पीआरआयला (एकाच जोडणीवर अनेक कॉल नेणाऱ्या लाइनला) साधारणपणे शून्य आणि दहा आकडे लागतात, एखाद्या सिप कंपनीला (इंटरनेटच्या पद्धतीने लाइन देणाऱ्या) ९१ लागतं, दुसरीला अधिक चिन्हासकट. ट्रंक बदलली तरी रूटला हात लावावा लागत नाही.

एक्स्टेंशन १०० पासून

नवीन सिस्टिममध्ये रिसेप्शनला १०० आणि मालकांना १०१ असं एक्स्टेंशन, म्हणजे आतला फोन नंबर, देण्याची फार हौस. १०० म्हणजे पोलीस, १०१ म्हणजे अग्निशमन दल, आणि महाराष्ट्रात १०८ म्हणजे रुग्णवाहिका. आतलं एक्स्टेंशन आधी जुळतं. गोदामात आग लागली आणि घाबरलेल्या माणसाने १०१ दाबलं, तर मालकांच्या केबिनमधला फोन वाजेल, तोही रात्री, केबिनला कुलूप असताना. एक्स्टेंशन २०१ पासून सुरू करा, हा विषय तिथेच मिटतो.

११२ या आपत्कालीन नंबरचा घोळ जरा आडवळणाचा आहे. शून्य लावून लाइन घेणारा माणूस घाईत ०११२ दाबतो. दिल्लीचा कोड ०११ आणि तिथले बरेच नंबर २ ने सुरू होतात, म्हणजे सिस्टिमला ही दिल्लीच्या नंबरची सुरुवात वाटते आणि ती पुढच्या आकड्यांची वाट बघत बसते. ११२ आणि ०११२ दोन्ही चालले पाहिजेत, सगळ्यात वरच्या रूटमध्ये आणि कुठल्याही पिनशिवाय. मात्र तपासायला म्हणून ११२ ला सारखे कॉल लावू नका. कोणता पॅटर्न जुळणार ते ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर 'डायलप्लॅन शो' ही कमांड देऊन कळतं.

'सगळं जाऊ दे' वाला डॉट

पॅटर्नमध्ये एक्स म्हणजे ० ते ९, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९, आणि डॉट म्हणजे पुढे काहीही, कितीही. कंटाळून 'एक्स डॉट' लिहून टाकलं की सगळे कॉल लागतात, इन्स्टॉलर खूश, गिऱ्हाईक खूश. मग शनिवारी रात्री कुणीतरी कच्च्या पासवर्डचं एक्स्टेंशन पकडतं आणि सोमवारी सकाळपर्यंत परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल चालू राहतात. बिल कंपनी माफ करेल या भरवशावर राहू नका. ०० चा रूट वेगळा ठेवा, त्याला पिन लावा, गरजच नसेल तर आयएसडी लाइनवरच बंद करून घ्या. एक्स्टेंशनचा पासवर्ड म्हणून एक्स्टेंशनचाच नंबर देणाऱ्यांना काय म्हणावं?

रूटच्या क्रमाबद्दल एक गैरसमज आहे. फ्रीपीबीएक्समध्ये यादीत वर असलेला आणि जुळणारा रूट जिंकतो. हाताने लिहिलेल्या ॲस्टरिस्कमध्ये, एकाच कॉन्टेक्स्टच्या (नियमांच्या एका गटाच्या) आत, ओळी वर-खाली करून काही होत नाही, जास्त नेमका पॅटर्न जिंकतो. एकीकडची सवय दुसरीकडे नेली की डोकं फिरतं.

टोल फ्रीसाठी वेगळा रूट हवाच, कारण १८०० च्या आधी ९१ किंवा शून्य जोडलं की तो नंबर लागायचा भरवसा नाही. इथे ठरावीक लांबीचा पॅटर्न मात्र लिहू नका. १८०० नंतर कधी सहा आकडे येतात, कधी सात, आणि स्टेट बँकेचा १८०० १२३४ तर आठ आकड्यांतच संपतो.

दुसरी लाइन असून उपयोग नाही

पीआरआय आणि सिप अशा दोन ट्रंक घेतल्या म्हणून एक पडली की दुसरी आपोआप चालेल असं नसतं. एक तर दोन्ही ट्रंक त्याच रूटमध्ये, क्रमाने लावलेल्या हव्यात. एकदा रूट जुळला की त्याच्या ट्रंक संपल्यावर सिस्टिम खालच्या रूटकडे वळेल अशी आशा धरू नका. दुसरं, सिपचा सर्व्हर उत्तरच देत नसेल तर सिस्टिम नेहमीच्या सेटिंगवर ३२ सेकंद वाट बघते. तेवढ्यात माणूस कंटाळून फोन ठेवतो आणि दुसऱ्या ट्रंकची पाळीच येत नाही. क्वालिफाय (ट्रंक जिवंत आहे का हे अधूनमधून तपासणारं सेटिंग) चालू ठेवा, म्हणजे मेलेली ट्रंक आधीच कळते. तिसरं, काही कंपन्या कॉल नाकारण्याऐवजी 'सर्व लाइन्स व्यस्त आहेत' अशी टेप वाजवतात. सिस्टिमच्या लेखी तो चालू असलेला कॉल असतो, मग ती दुसरीकडे कशाला वळवेल?

कॉल जातो, पण पलीकडे वाजायच्या आत तुटतो, अशी तक्रार असेल तर कॉलर आयडी बघा. ट्रंकवरून २०४ असा एक्स्टेंशन नंबर बाहेर गेला तर कंपनी एकतर पायलट नंबर (तुमच्या लाइनचा मुख्य नंबर) दाखवते, नाहीतर कॉल ४०३ (म्हणजे मनाई) देऊन फेकते. तुम्हाला मिळालेल्या डीआयडीपैकीच (बाहेरून थेट लागणाऱ्या नंबरांपैकीच) नंबर, कंपनीने सांगितलेल्या रूपात द्या. मालकांचा मोबाइल नंबर तिथे टाकायचा हट्ट आला तर नम्रपणे नाही म्हणा.

आणि तक्रार कंपनीकडे नेण्याआधी लॉगमधला कारण-कोड वाचा. पीआरआयवर १ आला तर असा नंबरच नाही, २८ म्हणजे नंबराचं रूप चुकलंय, ३४ म्हणजे चॅनेल शिल्लक नाही (एका पीआरआयवर बोलायला ३०च असतात), ३८ म्हणजे नेटवर्क पडलंय. १ आणि २८ दिसले की आपलं घर तपासायचं, ३८ दिसला की कंपनीला खुशाल धारेवर धरा. ३४ आला तर आधी किती कॉल चालू आहेत ते बघा. सिपवर एसएनग्रेप (सिपचे संदेश दाखवणारं साधन) लावलं की इन्व्हाइटच्या, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशाच्या, ओळीत बाहेर गेलेला नंबर जसाच्या तसा दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट जोडून तक्रार टाकली की 'राउटर रिस्टार्ट करून बघा' हे उत्तर येत नाही.