पथदिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. तक्रार मात्र ‘निकाली’

आमच्या वळणावरचा सोडियमचा पिवळा दिवा संध्याकाळी लागायचा, दहा मिनिटांत विझायचा, थंड झाला की पुन्हा पेटायचा. खाली उघडं गटार. नगरपरिषदेच्या ॲपवर तीनदा तक्रार केली; कर्मचारी आले की दिवा नेमका चालू, म्हणून ‘निकाली’. नगरसेवकांनाही भेटून झालं. आई देवळातून अंधारात चाचपडत यायची, याचा फार संताप यायचा.

शेवटी आधी खांबावर रंगवलेला क्रमांक टिपला. मग २० मिनिटांचा सलग व्हिडिओ काढला; त्यात दिवा दोनदा विझला. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला, त्यात ‘दिवा बंद आहे’ असं न लिहिता ‘लागून विझतो, दिवा जुना झाला आहे, बदलावा’ असं लिहिलं. सगळी मेख इथेच होती. अर्ज आवक-जावक टेबलावर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. पंधरा दिवस वाट पाहून १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला: या आवक क्रमांकावर काय कारवाई झाली, त्या नोंदीची प्रत द्यावी. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. नवव्या दिवशी शिडीची गाडी आली आणि एलईडी बसला.