घरच्या संत्र्यांचा रवा केक, कडू न होऊ देता

संत्र्याचा केक बिघडतो तो बहुतेक वेळा कडवटपणामुळे, आणि हा कडवटपणा केक ओव्हनमध्ये जाण्याआधीच शिरलेला असतो. म्हणून सुरुवात झाडापासून करा.

नागपुरात आंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याची) फळं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची (जून-जुलैच्या फुलोऱ्याची) फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोडलेलं संत्रं घरात ठेवून गोड होत नाही, त्यामुळे आधी एक सोलून चाखा आणि मगच बाकीची उतरवा. सालीच्या रंगावर जाऊ नका. रात्री थंड पडल्या नाहीत तर आतून पिकलेलं फळही वरून हिरवट राहतं. ओढून तोडू नका, देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच सड लागते. कात्रीने कापा.

आपल्या संत्र्याची साल सैल असते, त्यामुळे किसणीवर ती दबते. फळ धुऊन, पुसून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग बारीक किसणीवर अलगद फिरवा. फक्त केशरी थर हवा. पांढरं दिसलं की फळ फिरवा, तो भाग कडू असतो. 2 संत्र्यांचा किस पिठीसाखरेत घालून बोटांनी 2 मिनिटं चोळा. सालीतलं तेल सुटून साखर ओलसर आणि फिकट केशरी होते. केकचा खरा वास इथे तयार होतो, ही पायरी टाळू नका.

रसासाठी साधारण 3 संत्री लागतात. बिया काढून फोडी हाताने हलके पिळा. मिक्सर नकोच, कारण बिया आणि पापुद्रे वाटले गेले की कडवटपणा रसात उतरतो. ताजा गोड लागलेला रसही ठेवल्याने किंवा तापवल्याने हळूहळू कडू होतो, म्हणून केक करायच्या वेळीच काढा.

7 इंची भांड्यासाठी बारीक रवा 150 ग्रॅम, मैदा 100 ग्रॅम, पिठीसाखर 130 ग्रॅम (फळ आंबट असेल तर 150), दही 120 ग्रॅम, तेल 80 मिली, रस 120 मिली, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ.

किसाची साखर, दही, तेल आणि रस फेटा. त्यात रवा, मैदा, मीठ घालून 20 मिनिटं झाका. तेवढ्यात ओव्हन 170 अंशांवर तापवा आणि भांड्याला तेल लावून तळाशी बटर पेपर घाला. रवा फुगून मिश्रण फार घट्ट झालं तर 2 चमचे दूध पुरे. बेकिंग पावडर आणि सोडा अगदी शेवटी घाला, हलक्या हाताने मिसळा आणि लगेच ओव्हनमध्ये सारा. आंबट रसाशी सोड्याची क्रिया तत्काळ सुरू होते. मिश्रण ओट्यावर राहिलं तर हवा निघून जाते आणि केक बसतो.

40 ते 45 मिनिटांनी मधोमध काडी खुपसून पाहा. पहिला अर्धा तास दार उघडू नका. मध्य खचला तर तो कच्चा होता किंवा सोडा जास्त झाला. तळाशी चिकट थर आला तर रवा भिजायला वेळ कमी पडला, नाहीतर रस जास्त पडला. ओव्हन नसेल तर जाड पातेल्यात मीठ पसरून, वर तिवई ठेवून 10 मिनिटं तापवा आणि झाकण लावून मंद आचेवर 50 मिनिटं भाजा.

सोबत पेरूही उतरत असतील, तर त्यांचा क्रंबल (वर पिठाचा चुरा घालून भाजलेली फळं) करा. पिकलेल्या पण टणक 500 ग्रॅम पेरूंच्या बियांचा गर काढून टाका आणि फोडी करा. 50 ग्रॅम साखर आणि 1 चमचा लिंबाचा रस लावून त्या बेकिंग डिशमध्ये पसरा. 100 ग्रॅम कोरडी कणिक (गव्हाचं पीठ), 60 ग्रॅम थंड लोणी आणि 50 ग्रॅम साखर बोटांनी चुरून वर टाका. दाबू नका. 180 अंशांवर 35 मिनिटांत चुरा खरपूस होतो. लोणी मऊ असेल तर तो चुरा न राहता पेस्ट होते. अशा वेळी भांडं 15 मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.