गाण्याच्या बैठकीसाठी मिक्सरची जोडणी: माइक, वाद्ये आणि टर्नटेबल

ग्वाल्हेरला लश्कर या भागातल्या एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात गाणे ठेवायचे असेल, तर आठ चॅनलचा मिक्सर बहुधा पुरतो. गायकाला एक माइक, तबला-डग्ग्याला दोन, हार्मोनियमला एक, इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला एक चॅनल, आणि मध्यंतरात एखादी जुनी एलपी ऐकवायची असल्यास टर्नटेबलला दोन. यांपैकी प्रत्येकाकडून येणारा संकेत वेगळ्या ताकदीचा असतो, आणि कोणती केबल कुठे लावायची हे त्या ताकदीवरूनच ठरते. पिन भोकात बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली, असे नाही.

जोडणी करताना ॲम्प्लिफायर बंद, सर्व फेडर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) तळाशी आणि गेन (येणारा संकेत किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) कमीत कमी ठेवावे. नंतर आधी मिक्सर व शेवटी ॲम्प्लिफायर सुरू करावा. बंद करताना ॲम्प्लिफायर पहिला.

माइकचा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो, म्हणून तो तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने माइक इनपुटलाच द्यावा. या केबलच्या दोन तारांतून एकच आवाज जातो, एकीतून सरळ आणि दुसरीतून उलटा करून, तर बाहेरून शिरलेला गोंगाट दोन्हींत सारखाच असतो, त्यामुळे मिक्सर दोहोंतला फरक घेतो तेव्हा गोंगाट वजा होतो आणि लांब केबलही निर्धास्त वापरता येते. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने माइकच्या केबलमधूनच पुरवलेली वीज, लागते. डायनॅमिक माइकला लागत नाही, पण केबल नीट बांधलेली असेल तर त्याने त्याचे बिघडतही नाही. जुना रिबन माइक मात्र अशा चॅनलपासून दूरच ठेवावा.

गेन लावण्यात सर्वांत जास्त घाई होते. ‘हॅलो, चेक’ एवढ्यावर लावलेला गेन ग्वाल्हेर गायकीच्या खुल्या आवाजापुढे टिकत नाही. गायकाला तार सप्तकात एखादी जोरकस तान घ्यायला सांगावी, त्या चॅनलचे पीएफएल बटण (फेडरच्या आधीचा संकेत मीटरवर दाखवणारे) दाबून मीटर शून्याच्या आसपास येईल आणि पीक दिवा लागणार नाही इतकाच गेन द्यावा, मग फेडर शून्याच्या खुणेपर्यंत न्यावा. गायकाच्या चॅनलवर लो-कट (खर्जाकडचा आवाज कापणारे बटण) दाबणे इष्ट. डग्ग्याच्या चॅनलवर तो दाबला की घुमारा गेलाच.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि कीबोर्ड लाइन इनपुटला, म्हणजे माइकपेक्षा जोरदार संकेतासाठीच्या जागेला, जोडावेत. कीबोर्डसाठी एकच चॅनल उरला असेल, तर ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्या जागेतून केबल घ्यावी. गिटार किंवा पिकअप बसवलेले व्हायोलिन यांचा इम्पीडन्स (विद्युत संकेताला होणारा अडथळा) बराच जास्त असल्याने थेट लाइन इनपुटला लावल्यास आवाज बोथट येतो. त्यासाठी मध्ये डीआय बॉक्स (असा संकेत माइक इनपुटला चालेल असा करणारी छोटी पेटी) घालून त्याचे आउटपुट माइक इनपुटला न्यावे. मोबाइलवरून ट्रॅक वाजवायचा तर डावी-उजवी बाजू दोन वेगळ्या जॅकांत विभागणारी केबल हवी. स्टीरिओ केबल एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये (एक्सएलआरसारखा दोन तारांतला फरक घेणाऱ्या) खुपसली, तर दोन बाजू एकमेकींतून वजा होतात आणि नेमका मधोमध असलेला गायकच नाहीसा होतो.

टर्नटेबलचे प्रकरण निराळे आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या भागाच्या नेहमीच्या प्रकाराचा) संकेत सुमारे ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे माइकसारखाच क्षीण. म्हणून तो माइक इनपुटला देऊन गेन वाढवण्याचा मोह होतो. आवाज मोठा होतोही, पण पत्र्यासारखा किनरा येतो. याचे कारण असे, की तबकडी कापताना खर्जाकडचा भाग मुद्दाम दबवलेला आणि वरचा भाग चढवलेला असतो, आणि वाजवताना त्याच्या बरोबर उलट दुरुस्ती करावी लागते. एलपींसाठी ही दुरुस्ती आरआयएए नावाच्या ठरलेल्या वक्रानुसार होते, आणि ती करण्याचे काम फोनो प्रीॲम्पचे. तो टर्नटेबलजवळ ठेवावा, आणि त्यातून निघणारी केबल स्टीरिओ लाइन इनपुटला द्यावी. अनेक नव्या टर्नटेबलांत तो आतच असतो व मागे फोनो-लाइन असे बटण असते. बटण लाइनवर असताना बाहेरचाही प्रीॲम्प जोडला, तर आवाज फाटतो. टर्नटेबलची बारीक अर्थ (अर्थिंगची) तार प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट आवळावी, नाहीतर ५० हर्ट्झची घरघर पाठ सोडत नाही. टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर तर मुळीच ठेवू नये, कारण खर्जाची थरथर सुईपर्यंत पोचून तीच पुन्हा स्पीकरमधून घुमू लागते.

एवढे करूनही घरघर राहिली, तर एकेक चॅनल म्यूट करून ती कुठून येते ते शोधावे. लॅपटॉपचा चार्जर काढताच ती थांबली, तर दोष अर्थच्या फेऱ्याचा (उपकरणे एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याचा) आहे, आणि डीआय बॉक्सवरचे ग्राउंड-लिफ्ट बटण, म्हणजे संकेताच्या केबलमधली अर्थची जोड तोडणारे बटण, त्यावर पुरेसे ठरते. २३० व्होल्टच्या प्लगची अर्थ पिन कापण्याचा सल्ला मांडवात कोणीतरी देतोच. तो कधीही ऐकू नये, कारण त्यानंतर उपकरणात बिघाड झाल्यास विजेचा धक्का माइक धरलेल्या गायकाला बसू शकतो.