बजेट गेमिंग पीसी घेताय? नाव नको, नावामागचं अक्षर वाचा : या चुका टाळा

मुंबईत संगणकाच्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर पीसीचं कोटेशन मागितलं की बऱ्याचदा अशी चिठ्ठी हातात येते: ‘आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट.’ चिठ्ठीत खोटं काहीच नसतं, पण कामाचंही काही नसतं. आय-७ कुठल्या पिढीचा? १६ जीबीची एक स्टिक की ८-८ च्या दोन? एसएसडी (डेटा साठवणारा भाग) हळू साटा जोडणीची की वेगवान एनव्हीएमईची? चार जीबीचं कार्ड म्हणजे नेमकं कुठलं? आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा? तो चिठ्ठीत नसतोच, कॅबिनेटसोबत ‘येतो’.

बजेट पीसीतले बहुतेक पैसे या गाळलेल्या तपशिलात बुडतात. म्हणून प्रत्येक भागाचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट, कागदावर लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू होत असेल, तर पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.

‘आय-७ आहे ना, मग झालं’

आय-७ २६०० हा २०११ चा प्रोसेसर. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). २०२२ मध्ये आलेल्या आय-३ १२१००एफमध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण वेगात तो त्या जुन्या आय-७ ला कितीतरी मागे टाकतो. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स-२ हा सूचनासंच नाही, त्यामुळे काही नवे गेम त्यावर उघडतच नाहीत. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) मागतो. ‘ऑफिसचा काढलेला आय-७, वर कार्ड टाकून देतो’ हा सौदा स्वस्त दिसतो तो या सगळ्यामुळे.

आता अक्षरं. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नाहीत. कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच राहणार. ‘के’ म्हणजे ओव्हरक्लॉक करता येणारा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारा, पण एच६१० किंवा बी७६० मदरबोर्डावर तसं ओव्हरक्लॉक होत नाही, म्हणजे त्या ‘के’ चे पैसे पाण्यात.

एएमडीकडे गल्लत जास्त होते. रायझन ५ ५६००, ५६००जी आणि ५५०० हे तिघंही सहा कोअर, बारा थ्रेडचे. मात्र ५६०० मध्ये ३२ एमबी एल-३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आणि पीसीआय एक्स्प्रेस ४.० (कार्डाशी जोडणारा रस्ता) आहे, उरलेल्या दोघांत १६ एमबी आणि ३.०. कार्ड आजच घेणार असाल तर ५६००. कार्ड सहा महिन्यांनी येणार असेल तर ‘जी’ ला अर्थ आहे, पण तेव्हा रॅमच्या दोन स्टिक हव्यातच, कारण अंगचे ग्राफिक्स त्याच रॅमवर जगतात. ५५०० मध्ये मात्र ग्राफिक्सही नाहीत आणि कॅशेही निम्मी. बराच स्वस्त मिळाला तरच.

बोर्ड निवडताना रॅमचा प्रकार आधी पाहा. एएमडीच्या एएम-४ सॉकेटवर (प्रोसेसर बसण्याची जागा) डीडीआर-४ रॅम, एएम-५ वर फक्त डीडीआर-५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डांत दोन्ही जाती आहेत. एका बोर्डाला एकच चालते आणि खाच वेगळी असल्याने दुसरी बसतच नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून जुनी डीडीआर-४ घरात असलेल्यांनी एएम-४ वरच राहणं शहाणपणाचं ठरलंय. सगळंच नव्याने घेणाऱ्याने एएम-५ चा विचार करावा, कारण पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल.

बोर्ड वर्षभर गोदामात पडलेला असेल तर त्याचं बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर) नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. पंखे फिरतात, चित्र नाही. बायोस फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर न ओळखताही बायोस अपडेट करणारं) बटण असलेला बोर्ड घ्या, नाहीतर दुकानातच बायोस अपडेट करून मागा.

एकाच नावाची दोन कार्डं

मॉनिटर सोडून उरलेल्या खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा कार्डाला द्या, आणि सगळ्यात जास्त सावधही इथेच राहा. जीबी म्हणजे वेग नव्हे. ४ जीबीचं जीटी ७३० आजच्या गेमसाठी निरुपयोगी आहे. त्यातली मेमरी भरेपर्यंत त्या चिपचा दमच निघून जातो.

आरटीएक्स ३०५० दोन प्रकारचं आहे. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आणि १२८ बिटची बस (मेमरीचा रस्ता). ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिट. फरक फक्त २ जीबीचा नाही, चिपच वेगळ्या ताकदीची आहे. ६ जीबीवाल्याचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. ते फक्त ७० वॉट खातं, वेगळी पॉवर केबल मागत नाही, म्हणून अशक्त एसएमपीएस असलेल्या जुन्या पीसीत चालून जातं. नव्या जोडणीत ते घ्यायचं कारण नाही.

जीटी १०३० मध्ये जीडीडीआर-५ आणि डीडीआर-४ असे दोन प्रकार आहेत. दुसऱ्याची मेमरी बँडविड्थ (डेटा वाहण्याची क्षमता) पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश. आरएक्स ५८० च्या नावापुढे ‘२०४८एसपी’ लिहिलेलं असेल तर कोअरच्या हिशेबाने ते आरएक्स ५७० आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात.

आरएक्स ६५०० एक्सटीची खोड निराळी. ते पीसीआय एक्स्प्रेसच्या चारच लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं. ४.० च्या बोर्डावर निभावतं. ए५२० सारख्या ३.० च्या बोर्डावर किंवा ५६००जी बरोबर लावलंत की चार जीबी मेमरी भरताच गेम अडखळू लागतो. त्यात रेकॉर्डिंगसाठी हार्डवेअर एन्कोडरही (व्हिडिओ दाबून साठवणारा भाग) नाही, तेव्हा स्ट्रीमिंग करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० आठ लेनवर चालतात, ३.० वर त्यांचं थोडंच नुकसान होतं.

सेकंडहँड कार्ड चालू पीसीत लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. जुन्या कार्डाचं बायोस बदलून वरच्या नावाने विकलेलं कार्ड ते बहुधा पकडतं आणि नावापुढे तसं दाखवतं. कोअरची संख्या आणि बस अधिकृत आकड्यांशी जुळवा. मग १५-२० मिनिटं जड गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण देणारं सॉफ्टवेअर) चालवा, पंख्याची खरखर ऐका, प्रत्येक पोर्टला केबल लावून पाहा. आणि मुंबईत एक जास्तीची तपासणी: मागच्या पट्टीवरचे स्क्रू गंजलेत का, पोर्टच्या कडांना हिरवट थर आहे का. वरळी-वर्सोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्या खिडकीपाशी वर्षानुवर्षं राहिलेलं कार्ड तिथेच ओळखू येतं.

रॅम आणि एसएसडी

१६ ची एक स्टिक घेऊ नका, ८ च्या दोन घ्या. एका स्टिकवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. हे न केल्याने ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर रखडते आणि मालकाला पत्ताच नसतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरीवर टिचकी मारा. वेग आणि भरलेल्या खाचा दोन्ही दिसतील.

एसएसडीत एम.२ हा फक्त आकार आहे. त्याच आकारात साटाही मिळते, सेकंदाला साधारण ५५० एमबीवाली. आणि एनव्हीएमईही, तिसऱ्या पिढीतली चांगली असेल तर ३५०० च्या आसपास. चौथ्या-पाचव्या पिढीचा जास्तीचा वेग गेममध्ये फारसा जाणवत नाही, तेव्हा तो पैसा क्षमतेवर घाला. एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो; ५१२ मध्ये विंडोज धरून तीन-चार गेम बसले की झालं. काही बोर्डांत एम.२ भरली की एखादं साटा पोर्ट बंद होतं. जुनी हार्ड डिस्क अचानक ‘गायब’ झाली तर आधी पोर्ट बदला.

चिठ्ठीत नसलेला एसएमपीएस

कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ छापलेलं असतं. त्याच्या बाजूचं लेबल वाचा. +१२ व्होल्टसमोर १८ अ‍ॅम्पिअर असेल तर १२ × १८ = २१६ वॉट, बस्स. प्रोसेसर आणि कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात. ५५० वॉटच्या चांगल्या युनिटवर तिथे ४५ च्या आसपास आकडा दिसतो.

हिशेब अवघड नाही. ५६०० पूर्ण भारावर साधारण ८० वॉट, आरटीएक्स ४०६० चे ११५, बोर्ड-पंखे-एसएसडी मिळून ५०-६०. म्हणजे २४५-२५५. कार्ड क्षणभर उसळी घेतं, पुढे मोठं कार्डही येऊ शकतं, म्हणून ५५० वॉट. ८५० ची गरज नाही. ‘८० प्लस’ हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, आतल्या मालाची हमी नव्हे. त्यापेक्षा पाच किंवा जास्त वर्षांची वॉरंटी जास्त बोलते. मॉड्युलर (केबल सुट्या करता येणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या युनिटची केबल त्याला चुकूनही लावू नका. टोक बसतं, पण तारांचा क्रम वेगळा असतो आणि ड्राइव्ह जागच्या जागी जळतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? बहुतेकदा दोष पीसीचा नसून अर्थिंगचा असतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरची किंचित गळती अर्थिंगच्या तारेतून जायला हवी. तारच नसेल तर ती पत्र्यावर बसते. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत तीन पिनचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी काहीच नसतं. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको.

यूपीएसवरचे ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत, साधारण ३६०. बॅटरीवर गेल्यावर स्वस्त यूपीएस पायऱ्यांची लहर देतो, ती काही चांगल्या एसएमपीएसना मानवत नाही. घरी आणल्यावर गेम चालू असताना एकदा प्लग काढून पाहा.

काच, पंखे आणि मे महिना

समोरून बंद काच आणि तीन रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट सुंदर दिसतं, पण ते पंखे हवा ओढणार कुठून? समोर जाळी हवी. दोन पंखे आत, एक मागे बाहेर, एवढं बजेट पीसीला पुरतं. खोली ३३ अंशांवर असेल तर एसीतल्या २४ अंशांच्या तुलनेत आतलं तापमानही साधारण नऊ अंशांनी वर सरकतं. यूट्यूबवरचे आकडे बहुधा त्या थंड खोलीतले असतात. पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, आणि जूनपासून पावसाची झड येणाऱ्या खिडकीखालीही ठेवू नका.

चालू होतो, पण…

दिवे लागतात, चित्र नाही: मॉनिटरची केबल बोर्डाला लावलीय की कार्डाला, ते आधी पाहा. कार्डालाच लावायची. मग प्रोसेसरची वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची केबल. ती बऱ्याचदा राहून जाते. मग एकच स्टिक दुसऱ्या खाचेत ठेवून पाहा, नंतर सीमॉस रीसेट (बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं). एएम-५ वर पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळणी करायला काही मिनिटं लागतात, घाईने बटण दाबू नका. पावसाळ्यात बंद राहिलेल्या पीसीची रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबरही चालतो, पण हलक्या हाताने, आणि भुसा खाचेत पडू न देता.

गेममध्ये मधेच रीस्टार्ट होतो, एरवी ठीक: एसएमपीएसवर पहिला संशय. कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच केबलच्या दोन शेंड्या न लावता दोन स्वतंत्र केबल द्या.

काही मिनिटं छान, मग फ्रेम पडतात: एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तापमान बघा. प्रोसेसर लगेच ९० च्या पुढे जात असेल तर कूलरच्या तळाची प्लास्टिक पट्टी तशीच राहिली असण्याची शक्यता आहे. हसू नका, हे वारंवार होतं.

१४४ हर्ट्झचा मॉनिटर, पण ६० सारखाच भासतो: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे १४४ निवडावं लागतं, ते आपोआप होईलच असं नाही.

पैसे देण्याआधी जीएसटीचं बिल घ्या आणि कार्ड, बोर्ड, प्रोसेसर, एसएसडी यांचे सीरियल क्रमांक बिलावर लिहून घ्या. खोक्यावरचा आणि भागावरचा क्रमांक तिथेच जुळवा. जोडलेला पीसी ग्रँट रोडहून लोकलने न्यायचा असेल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा, कॅबिनेट आडवं धरा, बोर्ड खालच्या बाजूला येईल असं, आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधीची गाडी पकडा.