कुत्र्यासाठी घरी भाजी-चीज बिस्किटं भाजताना या चुका टाळा

भाजी आणि चीज ही दोन्ही नावं ऐकायला पौष्टिक वाटतात, पण या बिस्किटांचं जे काही बिघडतं ते बहुतेक याच दोन घटकांमुळे. भाजी पीठ ओलं करते, चीज मीठ आणि चरबी आणतं. मऊ पडलेली, तिसऱ्या दिवशी बुरसटलेली, तेलकट झालेली बिस्किटं, किंवा खाल्ल्यावर कुत्र्याला झालेले जुलाब, या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

आधी एक प्रमाण ठरवून घेऊ, म्हणजे पुढचे आकडे त्याच्याशी ताडून पाहता येतील. कणीक १५० ग्रॅम, ओट्सचं पीठ ५० ग्रॅम, किसून पिळलेलं गाजर १०० ग्रॅम, किसलेलं चीज ५० ग्रॅम, एक अंडं आणि लागेल तसं साधारण ३० मिली पाणी. मीठ, साखर, गूळ, तूप, बेकिंग पावडर काहीही नाही. एकूण गोळा ४३० ग्रॅमच्या आसपास होतो. तो पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. ६ मिलिमीटर जाडीची पोळी लाटून अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापले की सुमारे १०० बिस्किटं होतात.

पीठ हाताला चिकटतंय, लाटता येत नाहीये

गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, लाल भोपळ्यात आणि पालकात ९० टक्क्यांच्या पुढे, दुधीत तर ९५ टक्के. किस थेट पिठात घातला तर गोळा पहिली पाच मिनिटं छान वाटतो आणि मग सैल होत जातो. इथे बहुतेक जण वरून पीठ घालत राहतात. त्याने गोळा सावरतो, पण चीज आणि भाजीचं प्रमाण घसरतं, बिस्किट दगडासारखं होतं आणि कॅलरी वाढतात.

किस स्वच्छ पातळ कापडात घट्ट पिळा आणि पिळल्यानंतर वजन करा. प्रमाणातले १०० ग्रॅम हे पिळलेल्या किसाचे आहेत. निघालेलं पाणी ओतून देऊ नका, गोळा मळायला तेच एकेक चमचा वापरा. भोपळा किंवा दुधी असेल तर पिळून झाल्यावर कोरड्या तव्यावर, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर ४-५ मिनिटं परता आणि पूर्ण गार करा. गरम किस पिठात गेला तर चीज तिथेच वितळायला लागतं.

कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून पाणी सोडवतो, तसं इथे करू नका. पाणी निघेल, पण मीठ किसातच राहील.

मळलेला गोळा झाकून २० मिनिटं ठेवा. ओट्स हळूहळू पाणी पितात. त्यामुळे सैल वाटणारा गोळा पुष्कळदा नुसत्या विश्रांतीनेच सावरतो. पीठ वाढवायचंच असेल तर या २० मिनिटांनंतर, आणि एका वेळी एक टेबलस्पूनच.

किस बारीक हवा. कुत्र्याला कच्च्या भाजीचे जाड तुकडे नीट पचत नाहीत. फरसबीचे किंवा गाजराचे तुकडे जसेच्या तसे विष्ठेत दिसले, तर भाजी बाधली असं नव्हे, ती जाड चिरली होती किंवा कच्ची राहिली होती. फरसबी आणि मटार उकडून, ठेचून घाला. रताळंही उकडून. कोबी-फ्लॉवरने पोटात वायू धरतो, म्हणून मूठभराच्या वर नको. बीटाने लघवी आणि विष्ठा लालसर दिसू शकते, घाबरू नका. मात्र ज्या कुत्र्याला ऑक्झलेटचे मुतखडे झाले आहेत त्याला बीट आणि पालक दोन्ही देऊ नका. दुधीची फोड आधी स्वतः चाखा. कडू लागला तर तो दुधी माणसालाही विषारी, कुत्र्यालाही. भाजल्याने ते विष जात नाही.

चीज निवडताना आणि घालताना

आपल्याकडे चीज म्हटलं की हाती येतो तो प्रक्रिया केलेल्या चीजचा क्यूब. त्यात मूळ चीजचं मीठ असतंच, शिवाय ते एकजीव राहावं म्हणून घातलेले सोडियमयुक्त क्षारही असतात. म्हणून या प्रमाणात ५० ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि वरून मीठ तर अजिबात घालू नये. सैंधव घातलं तर चालतं, हा समज चुकीचा आहे. सैंधवही सोडियम क्लोराइडच आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याला हे चीज नकोच.

सर्वांत भरवशाचा पर्याय म्हणजे घरचं पनीर. गायीचं दूध लिंबाने फाडायचं, चोथा पाण्याखाली धुवायचा, कापडात बांधून तासभर टांगायचा. मीठ नाही, आणि चरबी किती हे दूध निवडताना आपल्या हातात. पनीर वितळत नाही, त्यामुळे भाजताना तेल सुटत नाही. वास मात्र चीजइतका तीव्र येत नाही आणि काही कुत्र्यांना तो वासच ओढून आणतो. अशा वेळी ४० ग्रॅम पनीर आणि १० ग्रॅम चीज असं मिश्रण उत्तम जमतं.

लसूण, मिरी, हर्ब असं काही लिहिलेलं चीज स्प्रेड, पॉपकॉर्नवर भुरभुरवायची चीज पावडर आणि पिझ्झाचं तयार मिश्रण बाजूला ठेवा. चवीच्या पावडरीत कांदा-लसूण जवळपास ठरलेलेच असतात. निळ्या बुरशीचं चीजही नको, त्या बुरशीतून तयार होणारी द्रव्यं कुत्र्याच्या मज्जासंस्थेला बाधतात.

बिस्किटं पसरली, तळाशी तेल साचलं, तर चीज जास्त झालं किंवा किस जाड होता. चीज फ्रिजमधून काढून थंडगारच किसा, सर्वांत बारीक भोकांच्या किसणीवर, आणि इतर काही घालण्याआधी कोरड्या पिठात चोळून घ्या. प्रत्येक कणाला पीठ लागलं की वितळलेली चरबी जागीच शोषली जाते. अंडं आणि भाजी त्यानंतर.

दूध बाधणाऱ्या कुत्र्याला पनीरही बाधू शकतं, कारण त्यात थोडं लॅक्टोज उरतंच. आणि ज्याला एकदा स्वादुपिंडाची सूज येऊन गेली आहे, त्याच्यासाठी चीज पूर्ण वगळा. गाजर आणि उकडलेलं रताळं एवढ्यावर बिस्किट चांगलं होतं.

जी चूक जिवावर बेतते

आपल्या हाताला सवय असते, काही खारं भाजायचं म्हटलं की लसूण पडतो. कुत्र्याच्या बिस्किटात कांदा, लसूण, पात, यांतलं काहीही जाऊ देऊ नका. या कुळातल्या गंधकयुक्त द्रव्यांनी कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. शिजवून, भाजून, वाळवून ती द्रव्यं नाहीशी होत नाहीत. पावडरीत तर ती एकवटलेली असतात. लक्षणं लगेच दिसतीलच असं नाही: थकवा, फिकट हिरड्या, गडद लघवी हे काही दिवसांनी उमटतं, आणि तोवर कशामुळे झालं याचा पत्ता लागत नाही. गोचिडांवर उपाय म्हणून लसूण घालणारेही आहेत. कृपा करून घालू नका.

मनुका, बेदाणे, द्राक्षं आणि चिंच यांतलं टार्टारिक आम्ल कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. म्हणूनच क्रीम ऑफ टार्टरही नको, आणि ते काही बेकिंग पावडरींत असतं. या बिस्किटाला फुगायची गरजच नसते. यीस्टचा कच्चा गोळा पोटात फुगतो आणि मद्यार्क तयार करतो. पीनट बटर घालणार असाल तर डबा फिरवून बघा: झायलिटॉल, बर्च शुगर किंवा ई ९६७ असं लिहिलेलं असेल तर ते कुत्र्याच्या वाऱ्यालाही नको. त्याने अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते. जायफळ, चॉकलेट, मॅकाडेमिया हेही वर्ज्य.

यातलं काही पोटात गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होते. पुडका किंवा डबा सोबत घ्या, कुत्र्याचं वजन आणि किती वाजता, किती खाल्लं हे लिहून घ्या आणि थेट पशुवैद्याकडे जा.

बिस्किटाचा भुगा होतो

गहू बाधतो म्हणून ज्वारी किंवा नाचणी घेतली की हे होतंच. त्या पिठांत ग्लुटेन नसतं, धरून ठेवणारं काही नसतं. भाकरी करणाऱ्याला यावरचा उपाय आधीच माहीत आहे: उकड. २०० ग्रॅम पिठातलं निम्मं पीठ तेवढ्याच वजनाच्या उकळत्या पाण्यात घालून झाकण ठेवा, कोमट झालं की उरलेलं पीठ, अंडं, भाजी आणि चीज घालून मळा. पाणी उकडीत गेलेलंच आहे, वेगळं घालू नका. दळून फार दिवस झालेल्या, विरी गेलेल्या पिठाची भाकरी जशी तुटते तसंच बिस्किटही तुटतं, तेव्हा पीठ ताजं घ्या.

अंडं नको असेल तर दोन टेबलस्पून जवसाची पूड सहा टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटं भिजवा आणि वरचं ३० मिली पाणी वगळा.

बाहेरून करपलं, आत ओलं

साध्या केक-बिस्किटांच्या सवयीने ओव्हन १८० अंशांवर ठेवला जातो. चीजमधली प्रथिनं आणि दुधातली साखर त्या तापमानाला भराभर तांबूस होतात, बिस्किट झालंसं दिसतं आणि आत भाजीचं पाणी तसंच असतं. हे काम दोन टप्प्यांत करायला हवं. १० मिनिटं तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या खणात, १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा, अर्ध्यावर ट्रे फिरवा. मग तापमान १०० वर आणून आणखी ४५ ते ६० मिनिटं वाळवा. पहिल्या टप्प्यात ते शिजतं, दुसऱ्यात कोरडं होतं, आणि टिकण्याच्या दृष्टीने दुसराच महत्त्वाचा.

घरगुती ओटीजीचं बटण दाखवतं एक आणि आत असतं दुसरंच. वरची सळई जवळ असल्याने माथा आधी करपतो. ओव्हनचा साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा खात्री करून घ्या. माथा लवकर रंगत असेल तर वर फॉइल सैलसर टाका. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शनवरच भाजा. नुसत्या मायक्रोवेव्हवर एक तुकडा मऊ आणि शेजारचा आतून जळका, असं होतं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाची कढई, आत स्टँड, वर ताटली. १० मिनिटं तापवून मंद आचेवर ३५-४० मिनिटं. इथे झाकणाखाली वाफ कोंडते, म्हणून शेवटची १५ मिनिटं झाकण बोटभर उघडं ठेवा, आणि नंतर तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी वाळवा.

सुकलं की नाही हे रंगावरून ठरवू नका, वजनावरून ठरवा. ४३० ग्रॅमचा गोळा नीट वाळल्यावर २५५ ते २६० ग्रॅम भरतो. काटा ३०० च्या वर असेल तर आत ओल आहे, पुन्हा १०० अंशांवर ठेवा.

उलट टोकही आहे. खूप वाळवलं की बिस्किट इतकं कडक होतं की दाताचा टवका उडू शकतो. हाताने कट्‌कन मोडायला हवं. मोडायला कडेवर आपटावं लागलं, तर म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा दात हलणाऱ्याला ते पाण्यात भिजवून द्या. छोट्या जातीसाठी आणि अधाशासारखं गिळणाऱ्यासाठी चौकोन एक सेंटिमीटरचेच कापा.

दोन दिवसांत बुरशी

भाजून झाल्यावर गरम बिस्किटं डब्यात भरली की झाकणाला आतून दव धरतं आणि तेच पाणी बिस्किटावर उतरतं. जाळीवर किमान दोन तास उघडी ठेवा. पावसाळ्यात मुंबईत, कोकणात, गोव्यात तेवढ्या वेळात हवेतली ओल आत शिरते, म्हणून तिथे बंद ओव्हनमध्येच, दार किंचित उघडं ठेवून गार होऊ द्या.

या बिस्किटांत कोणतंही संरक्षक द्रव्य नाही. फ्रिजमध्ये आठवडा, फ्रीझरमध्ये दोन महिने. आठवड्यापुरती फ्रिजमध्ये ठेवून बाकी गोठवा. एकावर जरी बुरशी दिसली तरी अख्खा डबा टाकून द्या, कोपरा खरवडून उरलेलं देऊ नका. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला थरथर आणि झटके येतात, आणि बुरशी दिसते त्याहून आत पसरलेली असते.

किती द्यायची

वरच्या मापाचं एक बिस्किट साधारण १० कॅलरींचं. दिवसाच्या एकूण कॅलरींपैकी सगळा वरचा खाऊ मिळून १० टक्क्यांच्या आत हवा. नसबंदी झालेल्या प्रौढ, ५ किलोच्या कुत्र्याला त्यामुळे दिवसाला ३, १० किलोच्याला ६, २० किलोच्याला १० इतकीच. लॅब्रेडॉर मागतच राहतो, त्याच्या मागण्यावर मोजू नका. तेवढ्या कॅलरी जेवणाच्या वाटीतून कमीही करा.

पहिल्यांदा देताना एकच बिस्किट, आणि दोन दिवस विष्ठा आणि खाज बघा. त्या दोन दिवसांत दुसरं काही नवीन देऊ नका. कुत्र्यांना ज्यांची ॲलर्जी जास्त आढळते त्यांत दूध आणि गहू दोन्ही आहेत.

एक गोष्ट मात्र फार घरांत नकळत घडते. गोचीड तापासाठी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू असतं आणि गोळी गिळावी म्हणून ती चीजमध्ये किंवा अशाच बिस्किटाच्या गोळ्यात दडवली जाते. दुधातलं कॅल्शियम या गटातल्या औषधांना धरून ठेवतं, औषधाचं शोषण घटतं. एन्रोफ्लॉक्सासिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचंही तसंच. गोळी उकडलेल्या रताळ्यात किंवा जेवणातल्या चिकनच्या तुकड्यात द्या, आणि औषध संपेपर्यंत बिस्किटं चीज न घालता भाजा.